रंग, राग आणि ‘रंगणे’ : अमूर्त चित्रकलेच्या संगीताशी असलेल्या नात्याचा एक विचार

१

अमूर्त चित्रकलेविषयी लिहिताना संगीताचा दाखला देण्याचा प्रघात आता चांगलाच रुळला आहे. एखादे चित्र म्हणजे रंगांची मैफल आहे, त्यातील निळा रंग षड्जासारखा लागला आहे, अशी विधाने चित्रप्रदर्शनांच्या परीक्षणांत वारंवार आढळतात. ती ऐकावयास गोड वाटतात. परंतु त्यांतून चित्राविषयी नेमके काय कळले, असा प्रश्न विचारताच उत्तर सापडेनासे होते. चित्र डोळ्यांचा विषय, गाणे कानांचा. एक स्थलात पसरते, दुसरे कालात उलगडते. मग या दोहोंचे नाते खरोखर काही आहे, की ते केवळ अलंकारिक बोलणे आहे?

या प्रश्नाचा विचार येथे एका विशिष्ट चित्रकाराच्या, म्हणजे वासुदेव गायतोंडे यांच्या, चित्रांच्या संदर्भात आणि मराठी भाषेच्या आधारे करावयाचा आहे. भाषेचा आधार घेण्याचे कारण असे की, रंग आणि गाणे यांना जोडणारे शब्द मराठीत समीक्षकांनी घडवलेले नाहीत. अमूर्त चित्राचे नावही न ऐकलेल्या लोकांनी ते पिढ्यान्‌पिढ्या वापरलेले आहेत.

२

प्रथम एक मार्ग बाजूस सारणे आवश्यक आहे. तो म्हणजे स्वर आणि रंग यांचे कोष्टक मांडण्याचा. हा मोह फार जुना आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकरा’त सात स्वरांचे वर्ण सांगितले आहेत : षड्ज कमळासारखा, ऋषभ पिंगट, गांधार सोन्यासारखा, मध्यम कुंदफुलासारखा शुभ्र, पंचम काळा, धैवत पिवळा आणि निषाद चित्रविचित्र. भरताच्या नाट्यशास्त्रात रंगांची सांगड स्वरांशी नव्हे तर रसांशी घातलेली आहे. तेथे शृंगार श्याम, हास्य पांढरा, रौद्र तांबडा आणि अद्भुत पिवळा आहे. युरोपात न्यूटनने १७०४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रकाशशास्त्रावरील ग्रंथात वर्णपटाचे सात भाग स्वरसप्तकाच्या प्रमाणात पाडले. अमूर्त चित्रकलेचा एक आद्य प्रवर्तक कांडिन्स्की याने १९११ च्या अखेरीस निघालेल्या आपल्या पुस्तकात पिवळ्या रंगाला तुतारीचा, फिकट निळ्याला बासरीचा व गडद निळ्याला चेलो या खर्जातील तंतुवाद्याचा नाद दिला.

ही कोष्टके एकमेकांशी जुळत नाहीत, हेच त्यांच्याविषयी सर्वांत महत्त्वाचे सत्य होय. स्क्रियाबिन आणि रिम्स्की-कोर्साकोव्ह हे दोन रशियन संगीतकार समकालीन होते आणि स्वर ऐकताच रंग दिसतात असे दोघेही मानीत. पण ज्या स्वरमेळात एकाला तांबडा दिसे, त्याच मेळात दुसऱ्याला पांढरा दिसे. तेव्हा अमुक रंग म्हणजे अमुक स्वर हे समीकरण व्यक्तीपुरते किंवा परंपरेपुरते खरे असेल. त्यावर दोन कलांच्या नात्याची इमारत उभारता येणार नाही.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला यात नवल वाटू नये. सोस्यूरची व्याख्याने १९१६ साली प्रसिद्ध झाल्यापासून भाषेतील घटकाचे मूल्य त्याच्या ठायी स्वतंत्रपणे वसत नसून इतर घटकांशी असलेल्या भेदातून निर्माण होते, हे तत्त्व सर्वपरिचित आहे. ‘क’ या वर्णाला स्वतःचा अर्थ नाही. ‘काल’ आणि ‘गाल’ हे शब्द शेजारी आले म्हणजे त्याचे कार्य कळते. षड्जही एका ठरलेल्या कंपनसंख्येला बांधलेला नाही. गायक आपला षड्ज निवडतो आणि त्याच्या संबंधाने बाकीचे स्वर ठरतात. रंगाचेही तसेच आहे. एकच करडा रंग तांबड्याशेजारी हिरवट आणि हिरव्याशेजारी तांबूस भासतो. जोसेफ आल्बर्स या चित्रकाराने १९६३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात रंगांच्या या परस्परावलंबनाचीच सप्रयोग मांडणी केली आहे. आपल्या परंपरेत ‘वर्ण’ हा एकच शब्द रंगाला, भाषेतील ध्वनीला आणि संगीतशास्त्रात स्थायी, आरोही, अवरोही व संचारी या स्वरांच्या चार गतींना लावला जातो. या तिन्ही ठिकाणी सुटा घटक मुका असतो. तो बोलू लागतो इतरांच्या संगतीत.

शब्दसाम्यावर मात्र डोळे मिटून विसंबता येत नाही, हेही येथेच नोंदवले पाहिजे. मराठी गायक आपली पट्टी ‘काळी एक’ किंवा ‘पांढरी चार’ अशी सांगतो. येथे संगीतात रंगाचे नाव आले खरे, पण ते पेटीच्या पट्ट्यांवरून आले. त्या स्वराच्या काळेपणाशी अथवा शुभ्रतेशी त्याचा काही संबंध नाही. कीर्तनाच्या ‘पूर्वरंग’ व ‘उत्तररंग’ या संज्ञांत ‘रंग’ हा शब्द प्रयोगाच्या अर्थी, ‘रंगभूमी’तल्यासारखा आलेला आहे. म्हणून पुरावा शोधावयाचा तो नामांत नव्हे, क्रियापदात.

३

ते क्रियापद म्हणजे ‘रंगणे’. त्याच्या उपयोगाचा विचार करण्यास बारामती आणि इंदापूर हा टापू फार सोयीचा आहे. बारामती हे मोरोपंतांचे (१७२९–१७९४) गाव. पंतांच्या आर्या मराठी कीर्तनकारांनी पुढे शतकभराहून अधिक काळ आख्यानांत गायिल्या. आषाढी वारीसाठी देहूहून निघणारी तुकाराममहाराजांची पालखी बारामतीवरून पुढे निमगाव केतकी, इंदापूर, सराटी अशी नीरेकडे जाते. त्या वाटेवर टाळ-मृदंगाच्या साथीने चालणारे भजन हजारो लोक ऐकतात, किंबहुना करतात. ते चांगले झाले म्हणजे लोक ‘भजन रंगले’ असे म्हणतात. ‘सुरेल झाले’ किंवा ‘सुंदर झाले’ ही विशेषणे क्वचितच येतात. ‘रंगले’ हे क्रियापद सहज येते.

आता हेच क्रियापद याच वाटेवर आणखी कोठे ऐकू येते ते पाहावे. निमगाव केतकीचा परिसर विड्याच्या पानमळ्यांसाठी प्रसिद्ध आहे. तेव्हा तेथे ‘विडा रंगला’ हा प्रयोग ओठांवर असणारच. लग्नघरात ‘मेंदी रंगली’ असे म्हणतात. कट्ट्यावर गप्पा रंगतात, पटावर डाव रंगतो. उलटपक्षी घराला रंग दिला म्हणजे ‘भिंत रंगवली’ असे म्हणतात; ‘भिंत रंगली’ असे सहसा म्हणत नाहीत. ‘निवडणुकीत भिंती घोषणांनी रंगल्या’ असा प्रयोग होतो, पण तेथे तृतीयेतील ‘घोषणांनी’ हे पद लागते आणि बोलण्यात किंचित उपरोधही असतो. विड्याला अशा कोणत्याही पदाची गरज पडत नाही. विडा आपोआप रंगतो.

यावरून एक भेद स्पष्ट होतो. ज्या ठिकाणी रंग बाहेरून आणून लावला जातो, त्या ठिकाणी मराठी ‘रंगवणे’ हे प्रयोजक रूप वापरते. ज्या ठिकाणी रंग आतून उमटतो, त्या ठिकाणी ती ‘रंगणे’ हे अकर्मक रूप निवडते. हा भेद संस्कृतातही आहे. ‘रञ्ज्’ या धातूचे ‘रज्यति’ हे रूप स्वतः रंगणे, अनुरक्त होणे या अर्थी, तर ‘रञ्जयति’ हे दुसऱ्यास रंगवणे या अर्थी येते. याच धातूपासून रंग, राग, रक्त, रंजन, अनुराग आणि वैराग्य हे शब्द निघाले. मनाला रंगवतो तो राग, अशी रागाची व्युत्पत्ती संगीतशास्त्रकारांनी मतंगापासून दिलेली आहे. संस्कृतात ‘राग’ म्हणजे तांबडेपणा आणि आसक्तीही. मराठीने त्याच शब्दाला क्रोधाचा अर्थ दिला. आवेगाने लाल होणे हा या अर्थांमधील दुवा मानता येतो.

‘विडा रंगणे’ या प्रयोगाकडे थोडे अधिक बारकाईने पाहिले, तर या क्रियापदाची तीन लक्षणे हाती लागतात. पान हिरवे, चुना पांढरा, कात तपकिरी. विड्याचा तो तजेलदार तांबडा रंग यांपैकी कोणाचाही नाही. तो त्यांच्या संयोगात निर्माण होतो. हे पहिले लक्षण. तो तत्काळ उमटत नाही. विडा चघळता चघळता चढत जातो. हे दुसरे. आणि विडा रंगतो तेव्हा खाणाऱ्याचे तोंडही रंगते. वस्तू आणि भोक्ता यांचे रंगणे एकाच क्रियेत घडते. हे तिसरे. मैफलीविषयीही भाषा हेच सांगते : गाणे रंगले आणि श्रोते त्यात रंगून गेले. क्रियापद दोहोंकडे एकच.

संयोग, कालक्रम आणि रसिकाचा सहभाग या तीन लक्षणांच्या कसोटीवर आता चित्राची परीक्षा करावयाची आहे.

४

वासुदेव गायतोंडे यांचा जन्म १९२४ साली नागपूर येथे झाला. त्यांचे घराणे मूळचे गोव्याचे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून त्यांनी १९४८ साली पदविका घेतली. आरंभी ते आकृतिप्रधान चित्रे काढीत आणि भारतीय लघुचित्रांचा व पुढे पाउल क्ले या स्विस-जर्मन चित्रकाराचा त्यांच्यावर परिणाम होता. क्ले हा स्वतः उत्तम व्हायोलिनवादक होता. पन्नाशीच्या दशकाच्या उत्तरार्धात गायतोंडे यांच्या चित्रांतून आकृती मावळत गेल्या. १९५७ साली टोकियो येथील तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात त्यांना पारितोषिक मिळाले. १९६४ साली शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले. १९७१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्यानंतर लवकरच ते दिल्लीस स्थायिक झाले. २००१ साली त्यांचे निधन झाले. २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांच्या चित्रांचे सिंहावलोकन करणारे प्रदर्शन भरवले.

मुंबईत असताना भुलाभाई देसाई स्मारक संस्थेत त्यांची चित्रशाळा होती. त्याच वास्तूत रविशंकरांचे संगीतवर्ग आणि अल्काझींच्या नाटकांच्या तालमी चालत. भारतीय आणि पाश्चात्त्य अशा दोन्ही अभिजात संगीतांची त्यांना ओढ होती. परंतु चित्रकाराला गाणे आवडत होते एवढ्यावरून त्याची चित्रे संगीताशी नाते सांगतात असे ठरत नाही. त्यासाठी चित्रांकडेच वळले पाहिजे.

संयोगाचे लक्षण प्रथम घेऊ. गायतोंडे यांच्या प्रौढ काळातील बहुतेक चित्रांत एकाच रंगकुळाचे राज्य असते : पिवळ्या गेरूचे, हिरव्याचे, करड्या निळ्याचे किंवा तांबड्याचे. हा रंग कुंचल्याने एकदा फासलेला नसतो. रूळ आणि रंगसुरी यांच्या साहाय्याने ते तैलरंगाचे पातळ थर एकावर एक चढवीत. काही ठिकाणी ओल्या रंगावर कागदाचे कपटे ठेवून रंग उचलून घेत, काही ठिकाणी खरवडून खालचा थर उघडा करीत. प्रकाश वरच्या अर्धपारदर्शक थरातून आत शिरतो, खालच्या थरांवरून परततो आणि डोळ्यांपर्यंत येताना त्या सर्वांचा मिळून एक रंग घेऊन येतो. हा दिसणारा रंग कोणत्याही एका थरात नसतो. तो थरांच्या संयोगात असतो.

संगीतात याचे जवळचे उदाहरण तंबोऱ्याचे आहे. तंबोऱ्याची एक तार पंचमात किंवा मध्यमात, दोन जोडाच्या तारा षड्जात आणि चौथी खर्जाच्या षड्जात लावलेली असते. गांधारात एकही तार नसते. तरीही जवारी नीट लागलेल्या तंबोऱ्यातून गांधार स्पष्ट ऐकू येतो, कारण खर्जाच्या तारेच्या नादात पाचवा उपस्वर म्हणून तो दडलेला असतो. गवई त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. न लावलेला स्वर ऐकू यावा आणि न लावलेला रंग दिसावा, या दोन घटनांत वरवरच्या उपमेपेक्षा अधिक खोल असे साम्य आहे.

दुसरे लक्षण कालक्रमाचे. ख्यालाच्या आलापीत गायक संपूर्ण राग एकदम समोर ठेवीत नाही. षड्जाच्या आसपास राहून एकेका स्वराची बढत करीत तो पुढे सरकतो. गायतोंडे यांचे चित्रही प्रथम केवळ एक रंगाचा विस्तार वाटते. काही वेळ पाहात राहिले म्हणजे त्याच्या आत अधिक गडद व अधिक उजळ असे प्रदेश वेगळे होऊ लागतात. क्षितिजासारखा एखादा आडवा पट्टा, लिपीच्या खुणांसारखी काही चिन्हे, पाण्याखालून वर येत असल्यासारखे आकार दिसू लागतात. शेजारशेजारच्या छटांतील अंतर इतके थोडे ठेवलेले असते की दृष्टीला ते टिपण्यास अवधी लागावा. हे चित्रकाराने जाणून केलेले आहे. त्याची निर्मितीही मंद गतीने होई. एक थर वाळल्यावर त्याच्याकडे पाहून पुढचा थर ठरे आणि वर्षाकाठी मोजकीच चित्रे पुरी होत.

तिसरे लक्षण रसिकाच्या सहभागाचे. गायतोंडे आपल्या चित्रांना बहुधा शीर्षक देत नसत. ‘अमूर्त’ हे विशेषणही त्यांना पसंत नव्हते. आपली चित्रे वस्तुनिरपेक्ष आहेत, असे त्यांचे म्हणणे असे. हा भेद शब्दच्छल नाही. ‘अमूर्त’ म्हणताच मूर्तापासून काही काढून टाकून उरलेले असा अर्थ सूचित होतो आणि पाहणारा ते काढून टाकलेले शोधू लागतो : हा डोंगर असेल काय, ही नदी असेल काय? वस्तुनिरपेक्ष चित्रात हरवलेली वस्तूच नसते. आलापातील आकार किंवा नोम-तोम ऐकताना त्या अक्षरांचा कोशगत अर्थ कोणी शोधीत नाही. तेथे श्रोता काय करतो? तो आधीच्या स्वराची स्मृती आणि पुढच्या स्वराची अपेक्षा यांच्यामध्ये स्वतःला ठेवतो. चित्रासमोर हेच घडले, तर पाहणाराही रंगतो. झेन विचाराकडे आणि मौनाकडे गायतोंडे यांचा ओढा होता, त्याची संगती येथे लागते. पाहणाऱ्याच्या मनातील गलबला थांबल्याखेरीज इतक्या सूक्ष्म छटा त्याच्यापर्यंत पोचत नाहीत.

५

या नात्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. अन्यथा हे विवेचन त्याच गोड विधानांच्या पंक्तीस जाऊन बसेल. चित्राचा कोणता भाग आधी व कोणता नंतर पाहावा, हे पाहणारा ठरवतो. रागाच्या आरोह-अवरोहाचा क्रम मात्र श्रोत्याला उलटा करता येत नाही. चित्र पाहण्यास लागणाऱ्या काळाला मात्रा नाहीत, त्यामुळे त्याला ताल नाही आणि समही नाही. सम गाठल्यावर सर्व सभेची मान एकाच क्षणी हलते. चित्रापुढे असा सामुदायिक क्षण येत नाही. चित्रपरीक्षणातील ‘लय’ हा शब्द म्हणूनच जपून वापरावयास हवा. आकारांची पुनरावृत्ती एवढाच त्याचा अर्थ असेल तर ‘पुनरावृत्ती’ असे म्हणणे अधिक प्रामाणिक ठरेल. नाते आहे ते रंगण्याच्या प्रक्रियेत. सर्व अंगोपांगांत नाही.

या विचाराचे महत्त्व परीक्षणाच्या भाषेपुरतेच नाही. अमूर्त चित्र हे महानगरांतील मोजक्या लोकांसाठी आहे, खेड्यातल्या माणसाला ते कळावयाचे नाही, असा समज सुशिक्षितांत दृढ आहे. लिलावांतील कोट्यवधी रुपयांच्या किमतींनी तो अधिकच घट्ट केला आहे. भाषेचा पुरावा या समजाच्या विरुद्ध जातो. पालखीच्या मुक्कामी एकच ध्रुपद पुनःपुन्हा आळवले जाते. शब्द तेच, टाळ तोच, आणि तरी दहाव्या आवृत्तीला ते पहिल्यासारखे राहिलेले नसते. हे ओळखून ‘आता रंगले’ असे म्हणणाऱ्या माणसापाशी, केवळ छटांच्या सूक्ष्म फरकावर उभ्या असलेल्या चित्राकडे पाहण्यास लागणारी मूळ पात्रता आहेच. संयोगातून उमटणारे, हळूहळू चढत जाणारे आणि आपल्याला बदलून जाणारे काही असते, याची जाण त्याच्या क्रियापदात आहे. उणीव आहे ती संधीची. गायतोंडे यांची चित्रे मुंबई-दिल्लीतील संग्रहांत आहेत. पुस्तकातील वा भ्रमणध्वनीच्या पडद्यावरील छायाचित्रात त्यांचे थर सपाट होऊन जातात. जे रंगावयाचे तेच नाहीसे होते, आणि उरलेला रंगाचा तुकडा पाहून माणूस ‘यात काय आहे?’ असे विचारतो. त्या अवस्थेत त्याचा प्रश्न रास्तच असतो.

म्हणून अध्यापकाने अमूर्त चित्रकलेचा परिचय करून देताना प्रथम स्वर-रंगांची कोष्टके सांगू नयेत आणि चित्राचा अर्थही सांगू नये. विद्यार्थ्यांना शक्य तर मूळ चित्रापुढे न्यावे, दहा मिनिटे स्वस्थ बसवावे आणि त्यानंतर एकच प्रश्न विचारावा : चित्र रंगले काय? या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी लागणारे शब्द त्यांनी घरीच ऐकलेले असतात.